नेटच्या वाटेतलं तोंड

भाग्यश्री मॅडम रोज साडेदहाला पाण्याच्या टाकीवर चढायच्या. हौस म्हणून नव्हे, हजेरी लावायला. सिन्नर तालुक्यातल्या निंबारवाडीच्या वस्तीवर त्यांची शाळा, पोरं एकवीस. हजेरी मोबाइलच्या ॲपवर लावायची आणि रेंज फक्त टाकीवर. वर गेलं की ॲप म्हणायचं, ‘आपण शाळेच्या आवारात नाही.’ आवारात उतरलं की रेंज गायब. आता बोला! पोरं समोर बसून पाढे म्हणत होती आणि वरच्या कचेरीत शाळेचा पट शून्य दिसत होता.

शेवटी पत्र आलं. महिनाअखेरच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आवारातून हजेरी आली नाही, तर शाळा बंद आणि पोरांनी हायवेपलीकडच्या शाळेत जायचं. पहिलीतली पोरं हायवे कशी ओलांडणार, हे पत्रात नव्हतं.

दीड किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीत मात्र नेट होतं. त्यावर तिथला कारकून दिवसभर क्रिकेट बघायचा. मॅडमनी अंबडहून कॅमेरे बसवणाऱ्या ज्ञानेशला बोलावलं. तो म्हणाला, “सोपं आहे. एक रेडिओ, म्हणजे नेट हवेतून फेकणारा डबा, पंचायतीवर, एक शाळेवर. वायर नको, खड्डे नकोत. फक्त दोघं एकमेकांना दिसले पाहिजेत.”

मग बैठक बसली. सरपंच आक्काबाई, पण गाव ज्यांना सरपंच म्हणतं ते त्यांचे यजमान चिमाजी. आक्काबाई सही करायच्या, बोलायचं काम चिमाजींकडे. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं आली. तिन्ही ज्ञानेशनेच आणली होती, तीन वेगळ्या नावांची आणि एकाच फोन नंबरची. ती बघून सगळ्यांचं समाधान झालं.

“हे बारकं किती लांब जातं रं?” चिमाजींनी विचारलं.

“पाच किलोमीटर. तुम्हाला दीडच हवंय.”

“आन् ते मोठं ताटावानी?”

“पंचवीस. पण किंमत पाचपट.”

“मंग मोठंच घ्या. आपलं नेट सिन्नरपोहोत गेलं पाहिजे!”

“सिन्नरला नेट आहे हो, दादा,” मॅडम कळवळून म्हणाल्या.

“आसंना. आपलं येगळं.”

एवढ्या किमतीची मंजुरी तालुक्याहून आणायची म्हणजे दिवाळी उजाडणार. तेवढ्यात मॅडमना सुचलं. त्या हळूच म्हणाल्या, “बारकं घेतलं तर पैसे उरतील. उद्घाटनाचा मोठा बोर्ड लावता येईल, तुमच्या फोटोचा.”

ठराव एकमतानं मंजूर झाला.

बुधवारी रेडिओ बसले. शाळेत नेट आलं, पोरं नाचली. एवढ्यावर थांबतील ते चिमाजी कसले? गुरुवारी संध्याकाळी पंचायतीच्या दारात गच्चीच्याही वर जाणारा बोर्ड उभा राहिला. वाऱ्यानं फाटू नये म्हणून मागं जाड पत्रा, खाली लोखंडी खांब, सगळं वेल्डिंगनं पक्कं. वरच्या ओळीत तालुक्याचे नेते भाऊ. मधोमध हात जोडलेले चिमाजी, तोंडच तीन फुटांचं. बाजूला उपसरपंच. कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढ्या आक्काबाई. खाली लिहिलं होतं, ‘शाळेला नेट दिल्याबद्दल अभिनंदन!’

शुक्रवारी सकाळी शाळेचं नेट मेलं.

मॅडमनी टाकीवर चढून ज्ञानेशला फोन केला. पोरं चौथीतल्या पोरीच्या भरवशावर सोडून त्या मोटरसायकलीवर बसून पंचायतीत पोचल्या, तेव्हा साडेदहा वाजले होते आणि ज्ञानेश गच्चीवर रेडिओमागं डोळा लावून बसला होता.

“शाळा दिसते का?”

“नाही. सरपंच दिसतात. नेट बरोबर त्यांच्या कपाळावर आपटतंय.”

चिमाजी उखडले. “मोठं घेतलं आसतं तर आरपार गेलं आसतं!”

“पत्र्यातून कुठलंच जात नाही, दादा.”

“मंग उपसरपंचाच्या फोटोतून काढ की!”

“ते वळत नाही हो. सरळच जातं.”

“बोर्ड काढा ना मग!” मॅडम ओरडल्याच.

सगळ्यांनी माना वर केल्या. वर भाऊंचा फोटो होता. भाऊंना खाली उतरवणारा माणूस तालुक्यात जन्माला यायचा होता. रेडिओचा खांब उंच करायचा, तर पुन्हा तीन कोटेशनं लागणार होती. अकरा वाजून गेले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

एवढ्यात फुलांच्या मळ्यातून आक्काबाई आल्या. त्यांची नात सृष्टी त्याच शाळेत पहिलीला होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बोर्डाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “भाऊंला हात लावायचा नाय ना? नका लावू. यांचं तोंड कापा.”

“आगं, माझं तोंड हाय ते!”

“तुमचं तोंड गाव रोज बघतंय. आज शाळा बघू द्या. कुठं सही करायची?”

कटर आला. ठिणग्या उडाल्या. चिमाजींचं तीन फुटी तोंड खाली पडलं, ते त्यांनी उचलून काखेत धरलं. बाराला सहा मिनिटं असताना मॅडमनी शाळेच्या ओट्यावरून एकविसावी हजेरी लावली. शाळा वाचली.

पुढच्या आठवड्यात भाऊ स्वतः बघायला आले. फोटो काढायचा ठरला. चिमाजी म्हणाले, “थांबा वाईच,” आणि शिडी लावून बोर्डामागं चढले. भोकात त्यांचं डोकं आणि खांदे अगदी मापात बसले. खाली जोडलेले हात, वर जिवंत हसू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ खूश झाले. फोटोवाला म्हणाला, “अजून एक.”

आक्काबाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकला, बंद केला आणि बोर्डाखाली जाऊन वर पाहिलं.

“आहो, खाली उतरा. मॅडम टाकीवर चढल्यात.”