साडेचोवीस कोण म्हणालं?

कमिशनरच्या कचेरीतला कारकून देवराव दिवेलागणीला नागपुरातल्या आपल्या ओसरीवर पोरांचा पंतोजी होई. त्या संध्याकाळी बारा वर्षांच्या चंद्रभानशेजारी आठ वर्षांची प्रेमिलाही पहिल्यांदा पाढ्यांना बसली. देवरावाची आई रंभाबाई जपमाळ ओढत कुरकुरली, "पोरीले पाढे काहून? त्याइले आवडलं नसतं." ते म्हणजे तिचे यजमान. वारून वर्ष झालं, तरी घरात मर्जी त्यांचीच चाले.

पाढा औटकीचा, म्हणजे साडेतीनचा. तिघांनी पाळीपाळीने एकेक ओळ म्हणायची.

"सहा औट एकवीस," प्रेमिला म्हणाली.

"सात औट..." देवराव अडला. अंधार दाटत होता, दिवा अजून लागला नव्हता. चिंचेवर वटवाघळं फडफडली, आणि कुठूनसा पोकळ, घोगरा आवाज आला, "साडेचोवीस."

देवरावाला वाटलं पोराने सांगितलं, पोराला वाटलं बापाने. पाढा पुरा झाल्यावर चंद्रभान बोटं मोजू लागला.

"बाबा, माह्या तीन ओळी, प्रेमीच्या तीन, तुमच्याही तीनच. नऊ झाल्या. दहावी कोणं म्हटली?"

देवरावाच्या अंगावर सर्रकन काटा आला. गणित खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत होती.

"तेच आले गा!" रंभाबाई किंचाळली. "उठव पोरीले!"

जिवंत बापापुढे ब्र न काढणारा देवराव मेलेल्या बापापुढे काय काढणार? "ऊठ वं प्रेमी. उद्यापासून बसू नको."

प्रेमिला रडत स्वयंपाकघरात पळाली. तिथे तिची आई देवकी पांढरीफटक होऊन उभी होती, हातात फुंकणी. एकविसात साडेतीन मिळवायला कितीसा वेळ लागतो? चूल फुंकता फुंकता उत्तर निसटलं होतं, फुंकणीतूनच. आता कबूल करावं तर सुनेने पोरांदेखत नवऱ्याची चूक काढली असं होणार, गप्प बसावं तर लेकीचे पाढे कायमचे सुटणार. बिचारीचा जीव तुटला. तिने फुंकणी पुन्हा तोंडाला लावली.

"देवराव!" चौदा वर्षांत नवऱ्याचं नाव ती पहिल्यांदाच घेत होती, तेही सासऱ्याच्या वतीने. "पोरीले बसव. अन् तू नीट पाठ कर."

"बसवतो, बाबाजी!" ओसरीवरून रडवेला आवाज आला.

थोड्या वेळाने रंभाबाई आत आली आणि तिने दार लोटून घेतलं. देवकीने फुंकणी पदराआड लपवली.

"आत्याबाई, माह्यं चुकलं..."

"तुह्ये मामाजी साऱ्या उमरीत औटकीत पाचाच्या पुढं गेले नाही वं," म्हणत रंभाबाईने पाट ओढला. "मले पावकीपासून शिकव. अन् हळू बोल, देवराव आयकन."