‘त्या’ दोघांचा खुलासा

मथळा द्यावा तर शेषेरावानं! हे मी स्वतःच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणेना. लातुरातल्या ‘सायं-धडाका’ या चार पानी दैनिकात बावीस वर्षं मी मथळेच देतोय. पाणी आलं नाही, तर ‘नळ रुसला, लातूरकर फसला!’ बाजारात बैल उधळला, तर ‘शिंगं फिरली, गर्दी विरली!’ खाली बातमी असो नसो, वर मथळा असलाच पाहिजे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा निकाल लागला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, आम्ही मान्यता देऊ शकत नाही, कायदा करणं संसदेचं काम. बातमी दिल्लीची, कोरडी ठणठणीत. आमचे मालक-संपादक वैजनाथअप्पा म्हणाले, “शेषेराव, हिच्यात लातूरचं कायतरी घाला. आणि फोटो पायजे. लग्नाचा.”

“दोन नवरदेवांचा फोटो लातुरात कुठनं आणू, अप्पा?”

“ते तुम्ही बघा. चारला छपाई हाय.”

मी कॉम्प्युटरमधलं ‘सत्कार’ नावाचं फोल्डर उघडलं. आमच्याकडं सत्कार व्हायला काही करावं लागत नाही, नुसतं हजर राहावं लागतं. फेटा, हार, शाल, नारळ आणि फोटो. त्या फोल्डरात निम्मं लातूर नवरदेव होऊन बसलं होतं! दोन फेटेवाले खांद्याला खांदा लावून हसतायत, असा एक फोटो सापडला. चेहरे कोण बघतो? ‘दोन फेटे, एक बोहलं; कोर्ट म्हणालं, नाही जमलं!’ मथळा ठोकला आणि मी चहाला गेलो.

चेहरे संगमेश्वर आणि विरूपाक्ष यांचे होते. दोघांचं लग्नकार्याची भांडी भाड्यानं द्यायचं दुकान. गणपतीच्या महाप्रसादाला त्यांनी कढया फुकट दिल्या, म्हणून मंडळानं सत्कार केला होता. दोघंही साठीच्या पुढचे, दोघंही बिनलग्नाचे. तीस वर्षं खाली दुकान आणि वर एका खोलीत संसार. हो, संसारच. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात आले. मी मनातल्या मनात हेल्मेट घातलं! पण संगमेश्वर हळूच म्हणाले, “चूक झाली असंल, राहू द्या. तुमचा पेपर गल्लीत दोघंच घेतात. फक्त खुलासा छापू नका.”

“असं कसं? माझी चूक, मी सुधारणार!”

“नगं ओ साहेब! शिरूर अनंतपाळला पुतण्या हाय माझा, सिद्धलिंग. आमचं एकत्र ऱ्हाणं त्याला खुपतंय. निस्तं निमित्त पायजे त्याला. परत पेपरात आलो की उचलून न्हेईल मला गावाकडं.”

विरूपाक्षांनी संगमेश्वरांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि दोघं गेले.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण चूक कबूल करायची म्हटलं की माझी छाती फुगते. मी दोघांच्या नावा-दुकानासकट सरळ, साधा, सभ्य खुलासा लिहिला. अगदी सभ्य! फक्त त्याला मथळा नव्हता. बिनमथळ्याची बातमी मला टोपी न घालता लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी दिसते. म्हणून दिला:

‘त्या’ दोघांचं लग्न झालेलंच नाही!

संध्याकाळपर्यंत तो लातुरातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. ज्यांनी आदला अंक बघितला नव्हता, ते तो शोधायला लागले. दुकानासमोर माणसं उगाच थांबायला लागली. एकजण तर पातेल्याचं भाडं विचारून वर खोलीकडं बघत उभा राहिला.

अप्पा तापले. “शेषेराव, झाकायचं सोडून बोंब मारायलात! उद्या साधी ओळ छापा. साधी!”

“हो अप्पा.”

साधी ओळ अशी निघाली: ‘त्या’ दोघांच्या चौकशीची गरज नाही!

“कसली चौकशी?” अख्खं शहर विचारायला लागलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धलिंग जीप घेऊन आला. मी धावत दुकानावर पोचलो, तेव्हा संगमेश्वर पिशवी घेऊन पायरीवर उभे होते, मागं विरूपाक्ष.

“काका, बसा गाडीत. तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुम्ही!”

“सिद्धू, मी इथंच बरा हाय रे.”

“कोणत्या नात्यानं ऱ्हाताव? सांगा की, कोणत्या नात्यानं?”

या नात्याला नाव देणं आपलं काम नाही, असं कोर्टानं नुकतंच सांगितलं होतं, आणि मी त्याचं यमक जुळवलं होतं. मी पुढं झालो आणि बोलूनही गेलो, “थांबा, मी अजून एक खुलासा देतो!”

तिघांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी एका पातेल्याआड सरकलो.

विरूपाक्षांनी गोळ्यांची पाकिटं पुतण्याच्या हातात दिली. “ही बीपीची. जेवल्यावर द्या. उपाशीपोटी दिली की चक्कर येती त्यांना.” सिद्धलिंगनं मान हलवली. जीप गेली. मला फार वाईट वाटलं, पण सगळं मीच केलेलं होतं, त्यामुळं ते सांगायलाही कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी विरूपाक्ष ऑफिसात आले. वाळले होते. म्हणाले, “तो सत्काराचा फोटो हाय का तुमच्याकडं? तीस वर्षांत दोघांचा एकच निघाला. पेपरातला नगं. त्याच्यावर तुमचं लिव्हलेलं हाय.”

मी घाईघाईनं चांगल्या कागदावर प्रिंट काढून दिली. ते ती उजेडाकडं धरून बघायला लागले. माझ्याच्यानं राहवेना. म्हणालो, “खाली एक छानशी ओळ टाकून देऊ?”

त्यांनी फोटो छातीशी धरला, उलटा.

“न्हाई. तुम्ही आता काहीच लिव्हू नका.”

ते पायऱ्या उतरून गेले. मी कान धरले. तरी खोटं कशाला सांगू? त्या क्षणीही मला एक मथळा सुचलाच होता. चांगला होता हो!