समोरच्या बाजूची पायरी

ज्या साहेबांनी आमचा रस्ता शास्त्राच्या नावाखाली मधोमध चिरला, त्यांनी हे वाचावंच. बाकीच्यांचं शेवटी बघू.

व्हर्ना हॉस्किन्सच्या मुलाशी, ड्वाइटशी, अधूनमधून भिंत बोलते. अशा वेळी व्हर्ना फोन करायची आणि शहराची पांढरी गाडी यायची. पोलीस नाही, बंदूक नाही. एक नर्स आणि एक समुपदेशक. ते पायरीवर बसायचे, ड्वाइटला पीनट बटरचं सँडविच द्यायचे, आणि हळूहळू भिंत गप्प व्हायची.

पण गाडीचा उपयोग होतो हे सिद्ध कुठे झालं होतं? पालिकेने मूल्यमापनासाठी डॉ. प्रेस्कॉट यांना नेमलं. मूल्यमापन म्हटलं की तुलना आली. म्हणून त्यांनी ठरवलं: सम नंबरच्या घरी गाडी, विषम नंबरच्या घरी पोलीस. आमच्या रस्त्याची एक बाजू सगळी सम, दुसरी सगळी विषम; व्हर्नाचं घर विषम निघालं.

पुढच्या फोनला पलीकडच्या बाईने अत्यंत आदराने कळवलं की आपण तुलना-गटात आहात, सहभागाबद्दल शहर आपलं आभारी आहे. मग पोलीस आले. ड्वाइटला गुडघ्यांवर बसायला सांगितलं. बसू का, हे विचारायला तो भिंतीकडे वळला, पोलिसांनी हात मागे ओढला, आणि त्याचा खांदा निखळला. नोंद झाली: 'प्रतिसाद वेळेत.'

त्यानंतर ड्वाइट बिथरला की व्हर्ना त्याला हाताला धरून रस्ता ओलांडायची, समोरच्या कोवाल्चिक म्हाताऱ्याच्या पायरीवर बसवायची आणि तिथून फोन लावायची. गाडी यायची. हे बघून विषम बाजूची सगळीच दुःखं रस्ता ओलांडू लागली. म्हाताऱ्याने खुर्च्या मांडल्या.

"वेड लागायचं तर रांगेने लागू द्या," तो बजावायचा, "आणि माझे गुलाब तुडवू नका."

वर्षअखेरीच्या सभेत प्रेस्कॉटनी निष्कर्ष मांडला. जिथे गाडी जाते तिथे झटके दुपटीने वाढले. जिथे पोलीस जातात तिथे शून्यावर आले. सबब, गाडी आरोग्यास घातक. बंद करावी.

व्हर्ना उभी राहिली. माणसं आम्हीच पलीकडे नेत होतो, तिने सांगून टाकलं.

"म्हणजे अभ्यास तुम्ही बिघडवलात, बाई," प्रेस्कॉट दुखावल्या आवाजात म्हणाले.

"आणि माझ्या पोराचा खांदा कुणी बिघडवला, डॉक्टरसाहेब?"

प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता. हात वर झाले, गाडी बंद झाली.

आज ड्वाइट पुन्हा बिथरलाय. सवयीने एकटाच रस्ता ओलांडून समोरच्या पायरीवर बसलाय, सँडविचची वाट बघत. व्हर्नाच्या हातात फोन आहे, बटण दाबलेलं नाही. हात वर करणाऱ्यांत तुम्हीही होतात, मागच्या रांगेत, घाईत. आता तिला तुम्हीच सांगा: फोन केला तर कोण येणार?