कादंबरीग्रस्त

माणसावर संकट कोसळलं की त्याने आधी कोणाला तरी दोष द्यावा, त्याने गुण आला नाही तर दवाखान्यात जावं, आणि तिथेही गुण आला नाही तर कादंबरी लिहावी, असा क्रम सुसंस्कृत समाजात ठरून गेलेला आहे. (नातेवाइकांचा सल्ला या क्रमात कुठे बसत नाही. तो न मागता मिळतो.) शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या हेमांगी पाटील हिने यातल्या पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या आणि एकदम तिसरीवर उडी घेतली. त्यामुळे गावावर जो प्रसंग ओढवला, त्याची ही हकीकत.

मुळात हेमांगीचं संकट अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हतं. तिचा नवरा ललित केळीच्या बागेसाठी ठिबकची नळी आणायला सुरतेला गेला आणि दोन वर्षं झाली तरी परतला नाही, एवढंच. तिथे तो एका ब्यूटी पार्लरवाल्या बाईंकडे राहतो, हे ब्राह्मणपुरीत शाळा बुडवणाऱ्या पोरांनाही ठाऊक होतं. पण घरात सासूबाई तापीबाईंनी पहिल्याच आठवड्यात 'नळी' ही भूमिका घेतली, सासरे गिरधर आबांनी तिला अनुमोदन दिलं, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. (सुनेचं मत विचारण्याची तरतूद नव्हती.) कोणी विचारलं, "तापीमाय, ललित कव्हय येस?" तर तापीबाई तांदूळ निवडता निवडता सांगत, "नयी लेवाले गयेल शे. चांगली नयी भेटी नही ऱ्हायनी." विचारणाराही गंभीरपणे मान हलवी. सुरतेत नळीची एवढी टंचाई आहे, हे खुद्द सुरतेत कोणाला माहीत नव्हतं.

बाग हेमांगीच बघत होती. पाणी, खत, घड उतरवणं, व्यापाऱ्याशी बोलणं, सगळं. हे तिला जमत होतं. जमत नव्हतं ते रडणं. नवरा टाकून गेला म्हणून बाईला रडता येतं. नवरा नळी आणायला गेला म्हणून कशी रडणार? नळीसाठी उशी भिजवणारी सून कुठल्याही घरात शोभली नसती.

अशात पुरुषोत्तमनगरला बायकांसाठी एक मनःस्वास्थ्य शिबिर भरलं. नाशिकहून समुपदेशक ताई आल्या होत्या. "मनात साचलेलं कागदावर उतरवा," असं म्हणून त्यांनी प्रत्येकीला एकेक कोरा कागद दिला. बऱ्याच जणींनी त्याची घडी करून वारा घेतला. हेमांगीने तो भरून दुसरा मागितला, मग तिसरा, आणि चहा येईपर्यंत ती स्वतःच्या लग्नाच्या वरातीपर्यंत पोहोचली होती. ताई घाबरल्या. त्यांच्या प्रशिक्षणात एका कागदापुरतंच दुःख शिकवलेलं होतं. "बाकीचं घरी लिहा हं," त्या घाईने म्हणाल्या, आणि शिबिर यशस्वी झालं.

घरी कागदाची ददात नव्हती. गिरधर आबा मागे ग्रामपंचायतीला उभे राहिले होते आणि गावात मतदार आहेत त्याहून जास्त पत्रकं त्यांनी छापून घेतली होती. एका बाजूला हात जोडलेले आबा, त्यांच्याखाली शिट्टी हे चिन्ह, आणि दुसरी बाजू कोरी. हेमांगीने त्या कोऱ्या बाजूवर सुरुवात केली. कादंबरीच्या प्रत्येक पानामागे लेखिकेचे सासरे हात जोडून उभे आहेत, असा योग साहित्यात फार थोड्या जणींना लाभला असेल.

दुपारची कामं आटोपली की ती ओट्यावर बसे. पहिल्या दुपारी तिने एकच वाक्य लिहिलं, 'तो नळी आणायला गेलाच नव्हता,' आणि ते वाचून तिला असं हसू फुटलं की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. आतून तापीबाई आल्या.

"काय लिखी ऱ्हायनी व?"

"कादंबरी, माय."

"तेन्हामा काय ऱ्हास?"

"खोटं ऱ्हास बठ्ठं."

"मंग लिख," तापीबाई निर्धास्त होऊन म्हणाल्या. खोट्याचं त्या घराला वावडं नव्हतंच.

ही गोष्ट हेमांगीने फक्त तिच्या मैत्रिणीला, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या रोशनी मॅडमला, सांगितली. रोशनीने ती कोणालाही सांगितली नाही. फक्त शाळेत बोलली. संध्याकाळपर्यंत 'हेमांगीवहिनी गावावर पुस्तक लिखी ऱ्हायनी' ही बातमी तापीच्या काठापर्यंत गेली, आणि सरपंच नवलसिंग यांनी तातडीची बैठक बोलावली.

आपल्या जिल्ह्याला प्रकल्पग्रस्त या वर्गाचा दांडगा अनुभव असल्यामुळे 'कादंबरीग्रस्त' हा नवा वर्ग तयार करायला बैठकीला फार वेळ लागला नाही. त्याचे तीन पोटप्रकार पडले. पूर्णतः बाधित, म्हणजे पुस्तकात नावासकट आलेले. अंशतः बाधित, म्हणजे वर्णनावरून ओळखू येणारे. आणि तिसरे, न आलेले, परंतु येण्यास पात्र असलेले. सर्वाधिक अर्ज तिसऱ्या प्रकारात आले. कादंबरी अजून कोणी वाचलेली नव्हती. त्यामुळे भीतीत कुठलाही भेदभाव झाला नाही.

गावात सुधारणांचं पर्व सुरू झालं ते इथून. पिठाच्या गिरणीवाला नथ्थू हेमांगीला दळलेलं पीठ दिलेल्या ज्वारीपेक्षा किंचित जास्तच परत करू लागला. ते कुठून येतं, हे विचारायचं नाही असं त्याच्या इतर गिऱ्हाइकांत ठरलं. शहाद्याला जाणाऱ्या जीपचा ड्रायव्हर दिवाल्या तिला पुढची अख्खी सीट देऊ लागला आणि स्वतः एक पाय बाहेर काढून गाडी हाकू लागला. ज्या बायका तिला बघून पाण्याच्या टाकीपाशी कुजबुजत, त्या आता मोठ्याने तिच्या साडीचं कौतुक करत. गिरधर आबांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. तो पिववत नव्हता, पण केला. कायदा, प्रबोधन आणि सणावारांची व्याख्यानं यांना जे इतक्या वर्षांत साधलं नाही, ते न वाचलेल्या एका पुस्तकाने करून दाखवलं.

आणि तिथेच कादंबरी अडली.

"रोशनी, गाडं आडकनं," हेमांगी एके दिवशी म्हणाली. "आते माले कोनी बोलत नही, कोनी हसत नही. दुःख कमी पडी ऱ्हायनं. काय लिखू?"

रोशनीने हेही कोणाला सांगितलं नाही. फक्त सरपंचांना सांगितलं. नवलसिंग गंभीर झाले. पुस्तक निघणार, त्यावर गावाचं नाव येणार, हे त्यांनी चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं. शेजारच्या गावाची एक मुलगी टीव्हीवर गाऊन आल्यापासून ब्राह्मणपुरीला मान वर करायला जागा उरलेली नव्हती. दुःखाअभावी कादंबरी रखडणं परवडणारं नव्हतं. तेव्हा 'लेखिकेस पुरेसा त्रास वेळेवर उपलब्ध करून देणे' असा ठराव झाला आणि वार वाटून घेण्यात आले. सोमवार नथ्थूकडे आला.

नथ्थू सकाळीच ओट्यासमोर येऊन उभा राहिला, खाकरला, आणि करड्या आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमनी ज्वारीमा खडा व्हतात!" हेमांगी बघतच राहिली. नथ्थूला ते सहन झालं नाही. "मी काढी टाकात," तो पुटपुटला, "काही काळजी करू नका."

हेमांगी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पाणीही नथ्थूनेच दिलं. मंगळवारच्या माणसाने टोमणा पाठ केला होता, पण तो ऐन वेळी विसरला आणि केळीचा भाव सांगून गेला. आठवड्याअखेरीस घेतलेल्या आढाव्यात त्रासाची उद्दिष्टपूर्ती जेमतेम बारा टक्के भरली. (हे बारा टक्केही गिरधर आबांच्या चहामुळे.)

शेवटी मूळ स्रोताशीच संपर्क साधायचं ठरलं. नवलसिंगांनी सुरतेला फोन लावला. "ललितभाऊ, तुम्हनावर कादंबरी लिखाई ऱ्हायनी. मेन खलनायक तुम्हीच शेतस."

वादळात केळीची बाग आडवी झाली तेव्हा ललित आला नव्हता. आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही आला नव्हता. या वेळी तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आला. केस काळेभोर केलेले, डोळ्यांवर गॉगल, अंगाला वासाचं काहीतरी. ओट्यासमोर गाव जमलं. तापीबाई दारात सुपातले तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हेमांगी," ललित गॉगल काढत म्हणाला, "तू माले वाईट दखाडं का?"

या क्षणाची हेमांगीने दोन वर्षं मनात तालीम केली होती. त्यात ती किंचाळत असे, किंवा पाठ फिरवत असे. प्रत्यक्षात ती उठली, आत गेली, आणि गठ्ठ्यातून काही पानं काढून घेऊन आली.

"हाई घ्या. तुमना भाग."

ललितने उभ्याउभ्या वाचलं. पान उलटलं तर पाठीमागे बाप हात जोडून. घाईने पुन्हा सुलट केलं. पुढचं पान, त्याच्या पुढचं. मग त्याने हात पुढे केला.

"बाकीनं दे."

"बाकीनामा तुम्ही नहीत."

"नहीत म्हंजे? तीनच पानं?" ललितचा आवाज चिरकला. "इतलं मोठं कांड करं मी, बठ्ठा समाज बोलना, अन् तीनच पानं?"

"तिसरं अर्धंच शे," हेमांगी म्हणाली. हिशेबाला हिशेब असावा म्हणून.

ललित ओट्याच्या पायरीवर बसला. त्याला वाईट दाखवलं असतं तर तो भांडला असता, चांगलं दाखवलं असतं तर रडला असता. त्याने दोन्हींची तयारी गाडीत केली होती. "अस कर," तो अजिजीने म्हणाला, "मी दारू पेस अस लिख. जुगार लिख. काहीबी लिख, पन वाढाव."

"तुम्ही दारू पेतस नही."

"कादंबरी शे ना!"

अशा वेळी वातावरण हलकं करणं हे सरपंचांचं कर्तव्य असतं. नवलसिंग हसत म्हणाले, "ते जाऊ द्या. ललितभाऊ, नयी भेटनी का मंग?"

तापीबाईंचे हात सुपात थांबले.

"नयी, नयी, काय लाई दिनं?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मागे उभ्या असलेल्यांपर्यंत पोहोचला. "नयी लेवाले तो गयेलच नव्हता. सुरतमा बाई करीसन ऱ्हायेल शे. मन्हा पोऱ्या शे, माले ठाउक नही का?" मग सुनेकडे न बघता त्या पुढे म्हणाल्या, "नयी मीच काढी व्हती. मन्ही लाज झाकाले काढी. अन् इले रडानीबी चोरी व्हई गई."

"अनुमोदन मी दिनं व्हतं," गिरधर आबा कोपऱ्यातून म्हणाले.

हेमांगीला काहीतरी बोलायचं होतं. त्याऐवजी तिच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, आणि गावाला आधी वाटलं की ती हसते आहे. ती हसतच होती. पण डोळ्यांतून जे वाहायला लागलं ते थांबेना. तापीबाईंनी सूप बाजूला ठेवलं, सरकून जवळ आल्या आणि आपल्या पदराचं टोक तिच्या हातात दिलं. सगळ्यांदेखत, भर उजेडात, ओट्यावर बसून हेमांगी पोटभर रडली. गावाने ते उभं राहून पाहिलं. नथ्थूने टोपी काढली.

"चहा पी," तापीबाई मुलाला म्हणाल्या. "मंग निंघ. तीननी गाडी भेटी जाई."

चहा आबांनी केला. ललितने तो अर्धा प्यायला. निघताना त्याने त्या अडीच पानांची झेरॉक्स मिळेल का, असं विचारलं.

कादंबरी त्यानंतर झपाट्याने पूर्ण झाली, छापून आली, आणि तालुक्याच्या वाचनालयात तिला चांगली मागणी आहे. एकेका प्रतीसाठी नंबर लावावा लागतो. मात्र प्रत टेबलावर नुसती ठेवली तरी ती आपोआप एकाच ठिकाणी उघडते. ललितची अडीच पानं बोटांच्या डागांनी काळी झाली आहेत. एकावर चहा सांडलेला आहे, एकावर कोणीतरी 'बरोबर' असं लिहिलं आहे. उरलेली दोनशेवर पानं दुकानातून आली तशी कोरी करकरीत आहेत. हेमांगी भेटली की वाचक गहिवरून एकच प्रश्न विचारतात, तो परत आला का? ती हसून नाही म्हणते आणि बागेकडे निघते.

त्या दोनशे पानांत तिने काय लिहिलं, ते या हकीकतीत आलेलं नाही. वाचकांची मागणी नसलेला मजकूर देऊ नये, असा संकेत आहे. 'बाकीनामा तुम्ही नहीत' असं ती म्हणाली, तिथे थांबून 'मग त्यात आहे तरी कोण?' असं विचारायला आपल्यालाही भरपूर सवड होती. आपण ललितला गाडी मिळाली की नाही, ते बघायला पुढे गेलात.

मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.