कुठं म्हणायचं नाही

मुंबई मला तोंडपाठ आहे. हे मी कारखान्यात सांगितलं होतं, सांगवीच्या पारावर सांगितलं होतं, आणि बायकोला तर मागणी घालायला गेलो तेव्हाच सांगितलं होतं. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहत असताना यंत्रांच्या पेट्या बोटीवरून उतरवून घ्यायला साहेबांनी काही माणसं गोदीत नेली, त्यांत मी होतो. त्या खेपेला मी ट्राम पाहिली, समुद्र पाहिला, इराण्याकडे चहात पाव बुडवून खाल्ला. एवढं पाहिल्यावर मुंबईत आणखी काय उरतं, असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटायचं.

त्यामुळे सासूबाईंना मुंबईला नेऊन कोकणच्या बोटीत बसवून द्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मीही छाती पुढे काढली.

माझ्या सासूबाई म्हणजे अंबूबाई. त्या सांगवीत आमच्यापाशीच राहतात. त्यांची धाकटी लेक सुमन दाभोळला दिलेली, नवरा दौलतराव जंगलखात्यात. सुमनचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण खरं माहेरी व्हायचं, पण घाटातले हिसके तिला सोसणार नाहीत असं दौलतरावांनी कळवलं. तिच्या सासरी बाईमाणूस कुणी नाही. मग लेक येत नाही तर आई जाईल, असं सासूबाईंनी जाहीर केलं. घाटाची एसटी त्यांनाही सोसत नव्हती, म्हणून बोट. आणि मे महिना सरत आलेला! पाऊस लागला की कोकणच्या बोटी बंद. आम्हाला मिळत होती ती त्या हंगामातली शेवटची बोट. ती चुकली तर सुमन एकटी.

"सुमनला पत्र टाकतो, तुम्ही निघालात म्हणून," मी म्हणालो.

"काही टाकू नका, अर्जुनराव. निघायच्या आदी बोललं की काम मोडतं. पोचल्याव कळंलच की."

आता सासूबाईंचा एक नियम सांगायला हवा. तसा तो सगळ्या मावळाचाच आहे. कामाला निघालेल्या माणसाला "कुठं निघालात?" असं विचारायचं नाही. फार तर "लांब का?" म्हणायचं. कुणी चुकून विचारलंच, तर मागं फिरायचं, टेकायचं, गुळाचा खडा तोंडात टाकून घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. इतर बायका हे जमेल तसं पाळतात. सासूबाई फौजदारासारखं पाळतात. सांगवीत कुणी असं विचारत नाही, म्हणून आजवर अडलं नव्हतं. मुंबईत मात्र पाऊल टाकलं की लोक दुसरं काही विचारतच नाहीत, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

पहाटे बोरीबंदरला उतरलो. सासूबाईंच्या डोक्यावर बाळंतविड्याचं गाठोडं, माझ्या डोक्यावर ट्रंक. फाटकाबाहेर पाऊल पडतं न पडतं तोच हमाल धावून आला.

"बोला शेठ, कुठं जायचं?"

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. वळल्या, पुन्हा स्टेशनात गेल्या, ट्रंक खाली ठेवायला लावली, तिच्यावर बसल्या आणि कनवटीचा गूळ काढला.

"मामी, तो हमाल आहे. त्याचा धंदाच आहे विचारायचा."

"धंदा करंल तो. अपशकुन आपल्याला लागंल. सुमीची घडी अवघड हाय."

मी नळावरून तांब्याभर पाणी आणून दिलं. लेकीचं नाव काढताना त्यांचा आवाज जरा कापला होता.

पुन्हा निघालो. या वेळी टांगेवाला. "किधर जाना है, माँजी?"

"मामी, हे हिंदीत होतं," मी घाईघाईनं म्हणालो. "हे लागत नाही."

"अपशकुनाला भाषा अस्ती व्हय?" म्हणाल्या आणि परत ट्रंकेवर.

तिसऱ्यांदा मी त्यांना जवळजवळ पळवतच ट्राममध्ये चढवलं. ट्राम हलली. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात कंडक्टर आला, तिकिटांचा गठ्ठा अंगठ्यानं फर्रकन वाजवला, आणि तोंड उघडलं. मी हातानं खुणावत होतो, डोळे मिचकावत होतो. त्याला वाटलं, माझी प्रकृती बिघडली.

"काय होतंय? कुठं उतरवू तुम्हाला?"

उतरलो. ट्राम आली त्या दिशेनं थोडं मागं गेलो आणि एका किराणा दुकानासमोर ट्रंक टेकवली. म्हातारी बाई पहाटेची भर रस्त्यावर ट्रंकेवर बसलेली पाहून लोक जमले. मुंबईच्या माणसाला वेळ नसतो म्हणतात, ते खोटं आहे. एक पारशीबाबा थांबले, दोन मिलवाले थांबले, दूधवाला थांबला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर कळकळ आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न. आजी, कुठं जायचंय? एकाचा गूळ गिळून होतो न होतो तोच दुसरा विचारायचा. सासूबाई पाण्याचा तांब्या खाली ठेवीनात. अशा मायाळू लोकांवर चिडायचं तरी कसं?

शेवटी त्यांनी पदर खोचला. "अर्जुनराव, तुमाला ममई पाठ हाय न्हवं? मग पायी चला. कुणाला पुसू नका, कुणाशी बोलू नका."

आता आली का पंचाईत! मी बोलून बसलेला माणूस. ट्रंक उचलली आणि निघालो. कुणी तोंड उघडायच्या बेतात दिसला की आम्ही रस्ता ओलांडायचो. माझे पाय मात्र आपोआप चालत होते, आणि मला वाटलं, काय ही स्मरणशक्ती! उन्हं चांगली वर आली तेव्हा आम्ही एका भल्यामोठ्या फाटकापाशी उभे होतो. ओळखीचं फाटक. इथूनच आमच्या कारखान्याची यंत्रं बाहेर आली होती. आत डोंगराएवढ्या विलायती बोटी दिसत होत्या.

"ही दाभोळला जाती?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

ती बहुधा लंडनला जात होती. कोकणची बोट सुटते भाऊच्या धक्क्यावरून, आणि तो धक्का तिथून बराच उत्तरेला, माझगावकडे. मला सबंध मुंबईत हे एकच फाटक ठाऊक होतं, आणि पायांनी मला इमानानं तिथं आणलं होतं. मी तसं सांगितलं. सासूबाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या गाठोड्यावर हात फिरवत राहिल्या. "सुमी एकटी हाय वो," एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात फाटकातून कांद्यांची लॉरी रिकामी होऊन बाहेर आली. चालकानं आमच्याकडे पाहिलं, सासूबाईंच्या लुगड्याचा काष्टा पाहिला, आणि लॉरी थांबवली.

"आये, लांब का?"

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. हा करीम, चाकणचा. तिथल्या बाजारातला कांदा घेऊन गोदीत आला होता. "आपल्याकडचा मानूस," म्हणत सासूबाई त्याच्या शेजारी चढूनसुद्धा बसल्या. मी ट्रंकेसह मागे, कांद्याच्या सालपटांत. लॉरी भरधाव निघाली. गार वारा लागला, आणि मी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

आता गंमत अशी, की करीम रीतीचा माणूस. त्यानं विचारलं नाही. सासूबाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, पुढे दोघांचं बोलणं झालं असेल.

लॉरी थांबली. करीम खाली उतरला, सासूबाईंना हात देत म्हणाला, "पोचलो, आये. अल्ला समदं बरं करंल."

समोर बाळंतिणींचं इस्पितळ होतं.

"अरे, हे काय?" मी मागून ओरडलो.

"गठुड्याला बाळंतशेपाचा वास येतोय," करीम म्हणाला. "डिंक दिसतोय, टोपडं दिसतंय. पुसायचं कशाला? मला काय समजत न्हाई व्हय?"

एक नर्सही धावत बाहेर आली आणि बाळंतीण कोण म्हणून शोधत आधी सासूबाईंकडे आणि मग, शप्पथ सांगतो, माझ्याकडे पाहू लागली.

इस्पितळाच्या भिंतीवर घड्याळ होतं. दहाला बोट, आणि दहाला थोडाच अवकाश. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, गुळाच्या पुरचुंडीकडे पाहिलं, पुरचुंडी कनवटीला खोचली आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊच्या धक्क्याव ने, लेकरा! मला दाभोळला जायचंय. माझी सुमी बाळंत व्हायचीय थितं!"

त्यानंतर करीमनं लॉरी कशी हाकली ते मला सांगता येणार नाही, कारण मी कांद्याच्या सालपटांत तोंड खुपसून होतो. धक्क्यावर शिडी उचलायला सुरुवात झाली होती. खलाशानं हात आडवा धरून विचारलं, "बाई, कुठं?" मी श्वास रोखला. सासूबाई त्याचा हात बाजूला सारत म्हणाल्या, "दाभोळ. सर बाजूला," आणि चढल्या. ट्रंक करीमनं मागून वर दिली. बोट सुटली. कठड्याशी उभ्या राहून त्या पदर हलवत होत्या, आणि मी कांद्याच्या वासाचे हात हलवत होतो. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यामुळे, असं मी करीमला सांगितलं.

त्याच्याच लॉरीनं परत आलो. मोहीम फत्ते म्हणून ताठ मानेनं सांगवीत शिरलो, तर दाराशी नुकतीच आलेली जंगलखात्याची जीप उभी. बायको पाण्याला गेलेली, दाराला कडी. आणि आमच्या ओट्यावर, पाय पसरून, कैरीला मीठ लावून खात बसलेली सुमन!

"दाजी, आला व्हय? आई शेतात गेली का? घाटातनं जीप लई हळू आणली बघा. पयलं बाळंतपण आईपाशीच व्हायला पायजे म्हणून मी हट्टच धरला."

"अगं, पण कळवायचं नाही का?" माझा आवाज कुठून तरी खोल विहिरीतून आला.

"कसं कळवू? निघायच्या आदी बोललं की काम मोडतं. आईच सांगती न्हवं?"

तुम्हाला घोर लागू नये म्हणून आधीच सांगून टाकतो, सासूबाईंना मी वेळेत परत आणलं. घाटाच्या एसटीत त्यांनी सबंध वाट लिंबू हुंगत काढली, पण सुमनला मुलगी झाली तेव्हा उशाशी त्याच होत्या.

पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. बायकोनं मला चहासुद्धा दिला नाही. पिशवीत भाकरी बांधून हातात ठेवली आणि दाभोळच्या दिशेनं बोट दाखवलं. मी अख्ख्या सांगवीतून अगदी रमतगमत चाललो, भेटेल त्याच्यासमोर थांबलो, राम राम घातला, उगाच घुटमळलो. कुणीतरी एकदा "कुठं निघालात?" म्हणावं, म्हणजे निदान घरी जाऊन टेकता येईल.

कुणीही विचारलं नाही. फार चांगल्या वळणाचं गाव आहे आमचं.