हृदयाचं पान

एका जंगलात, मुलांनो, टिटवीनं उघड्या खड्यांवर एक अंडं घातलं होतं. आपली गोष्ट त्या अंड्याच्या आत घडते. बाहेर फारसं काही घडलं नाही. टिटवी ओरडत होती, पण ती नेहमीच ओरडते.

आत पेशी राहत. किती, ते नक्की सांगत नाही. दर थोड्या वेळानं त्या दुप्पट होत आणि माझा आकडा चुकतो. प्रत्येकीजवळ एकच पोथी होती, अक्षरन् अक्षर तीच. चोच कशी करावी, पीस कसं करावं, सगळं तिच्यात लिहिलेलं. कुठलं पान किती मोठ्यानं वाचायचं, हे मात्र जिचं तिनं ठरवायचं.

निश्चला नावाची पेशी फक्त पहिलं पान वाची, तेही खणखणीत आवाजात. त्यावर लिहिलं होतं, 'मी वाटेल ते होऊ शकते.' शेजारणी म्हणत, मुलगी नाव काढणार.

तिच्या शेजारी डळमळी राही. ती एक पान मोठ्यानं सुरू करी, मध्येच पुटपुटे, मग दुसरंच उघडी.

"अगं डळमळे, काल तू आतडं होणार होतीस ना?" निश्चलेनं विचारलं.

"ते सकाळी. दुपारी पीस वाटत होतं. आता दोन्ही नको वाटतंय."

"मग शेपटीचं टोक हो. तिथे हलायचंच असतं."

डळमळीला हे लागलं. तिनं ठरवलं, की आता ठरवायचंच. पण काय, ते ठरेना.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या बलकाकडून निरोप आला. संध्याकाळपर्यंत हृदय सुरू झालं नाही, तर अंडं सडेल. हृदयाचं पान जिच्यासमोर उघडं असेल, तिनं ताबडतोब पुढे यावं.

निश्चलेला स्वतःच्या आवाजात निरोप ऐकूच गेला नाही. डळमळी गप्प बसून पानं चाळत होती. तिला हवं होतं पिसाचं पान. दोन पानं चिकटली होती, म्हणून उघडलं हृदयाचं.

"मी इथं चुकून आलेय," ती म्हणाली.

"चालेल," बलक म्हणाला. "फक्त पान मिटू नकोस."

ती भीत भीत पुढे गेली. कोणीतरी चाललं आहे एवढं पाहून आणखी बऱ्याच गोंधळलेल्या मागोमाग निघाल्या. हृदयाच्या जागी पोचल्यावर डळमळी घाबरून आकसली. मग सैल झाली. पुन्हा आकसली. बाकीच्याही तसंच करू लागल्या. संध्याकाळ व्हायच्या आत हृदय चालू झालं होतं.

अंडं वाचलं. निश्चला पहिलं पान संपवून उठली, तेव्हा उजव्या पायाचं एक नख तेवढं व्हायचं शिल्लक होतं. ती तेच झाली.

पुढे हृदयाचा सत्कार झाला. एका नव्या पेशीनं अदबीनं विचारलं, की ताई, हा मार्ग तुम्ही कसा निवडलात?

डळमळी क्षणभर घुटमळली. त्यानंतर ती कधीच घुटमळली नाही.

"लहानपणापासून मला हृदयच व्हायचं होतं," ती म्हणाली.

नखानं ते वाक्य उतरवून घेतलं.

तात्पर्य: ध्येय ठरवण्याची घाई करू नये. आधी नेमणूक होऊ द्यावी. ध्येय मग लहानपणापासूनचं आठवतं.