पाचशे एकातला एक

कोगनोळीला लग्नाला निघताना घरात सुट्टा रुपया सापडेना. (हल्ली भाजीसुद्धा फोनवर घेतो, रुपया येणार कुठून?) मी बायकोला म्हटलं, "तूच बघ की कुठंतरी." संसारात कामं वाटून घ्यावीत असं माझं मत आहे. वाटतो मी, घेते ती.

त्रिशलानं बघितलं. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं तर माझ्या वडिलांची, आप्पांची, नोट गायब.

ती नेपाळची एक रुपयाची नोट. मागं कस्तुरीमृग, आणि अक्षरं आपलीच, कुणालाही वाचता येतील अशी. आप्पा आणि त्यांचे दोस्त पद्मराजअण्णा शिखरजीची यात्रा करून तसेच पुढं काठमांडूला गेलते, तिथली. आप्पा गेल्यावर त्यांच्या पाकिटात सापडली. मरेपर्यंत माणसानं जवळ बाळगलेली वस्तू, म्हणून मी ती प्लॅस्टिकच्या कव्हरात जपली. आप्पांचा फोटो बघून मला रडू येत नाही, पण नोट बघितली की येतं.

"अहो, एक रुपयाच होता की तो," त्रिशला म्हणाली. "पाचशेला जोडला. कव्हर तेवढं काढून ठेवलंय."

लग्न पद्मराजअण्णांच्याच नातवाचं होतं. निपाणीतनं बस पकडून थेट त्यांचं दार गाठलं. सोप्यात त्यांची सगळी भावकी चहा पीत बसलेली. काय बोलायचं ते बसमध्ये नीट जुळवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"अण्णा, आहेरातला एक रुपया परत पाहिजे होता."

चहाच्या बशा जागच्या जागी थांबल्या.

"कितीतला?" अण्णांनी विचारलं.

"पाचशे एकातला."

"आणि पाचशे?"

"ते असू देत."

अण्णांनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं. "वृषभ, घरात काय अडचण हाय काय रं? सगळंच घिऊन जा की."

मग सांगावंच लागलं. आहेराची पाकिटं अजून फोडलेली नव्हती. अण्णांनी आमचं शोधलं, नोट काढून उजेडात धरली आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले.

"ही मीच खपवलेली तुझ्या आप्पाला. सुट्टे म्हणून. हिकडं कोण घेतंय ती? दर सणाला घिऊन यायचा, परत घे म्हणायचा. म्या काय घेतली न्हाय. शेवटाला दवाखान्यात भेटाय गेलतो, तवा पण उशाखालनं काढली बेट्यानं."

"मग द्या की मला."

"आता कशी देऊ? त्यानंच धाडलीया." त्यांनी नोटेची घडी घालून वरच्या खिशात ठेवली. "लई दिवसांनी जिंकला गडी."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आप्पांना जी गळ्यातनं काढायची होती, तिच्यावर मी इतकी वर्षं रडत होतो. पण आप्पा असते तर किती खूश झाले असते, हेही दिसत होतं. नोट मी त्यांच्या खिशातच राहू दिली.

बाहेर सोप्यात आल्यावर अण्णांनी खिसा चाचपून एक रुपयाचं नाणं काढलं आणि सगळ्यांदेखत माझ्या हातावर ठेवलं. आतलं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. हे तेवढं सगळ्यांनी बघितलं.

गेल्या महिन्यात त्या भावकीत आणखी एक लग्न निघालं. आम्हालाही पत्रिका आली. बाकी सगळं छापील, खाली एकच ओळ पेनानं लिहिलेली: 'कृपया आहेर आणू नये.' मी चौकशी केली. बाकी कुणाच्या पत्रिकेवर ती ओळ नाही.